कागद बॅगेत, बॅग जहाजात

काउंटरवरच्या मुलीनं हात पुढे केला आणि "पासपोर्ट" एवढंच म्हटलं. समोरच्या बाईंनी पर्सची चेन उघडली, आतला कप्पा पाहिला, मग बाहेरचा, मग पुन्हा आतला. तिथून एक इवलीशी पितळी किल्ली निघाली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "मोठ्या बॅगेत," ते म्हणाले, इतक्या हळू की मागच्या रांगेत मोजक्यांनाच ऐकू गेलं असेल. मोठी बॅग दहा मिनिटांपूर्वी टर्मिनलच्या दारात हमालाच्या हवाली झाली होती. तिच्या मुठीला केबिन नंबरची पट्टी स्टेपल झाली, जाळीच्या उंच गाडीत तशाच चाळीस-पन्नास बॅगांखाली ती गेली आणि गाडी खडखडत एक्स-रेच्या दिशेनं निघून गेली. आता ती संध्याकाळी केबिनच्या दाराशी येऊन उभी राहणार. कागद बॅगेत, बॅग जहाजात, आणि जहाजात जायला कागद हवेत.

हा प्रसंग मनातून जात नाही, कारण त्या दोघांनी हयगय अजिबात केलेली नव्हती. पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट बॅगेच्या आतल्या कप्प्यात, कप्प्याला कुलूप आणि किल्ली पर्समध्ये. गर्दीत पर्सच कुणी ओढली तर, एवढा पुढचा विचार त्यामागे होता. बाई हातातला बोर्डिंग पासचा कागद पुन्हा पुन्हा पुढे करत होत्या. त्यावर दोघांची नावं, केबिनचा नंबर, चढायची वेळ, बारकोड. घरून फोनवर काढून पाठवलेले फोटोसुद्धा काउंटरच्या पडद्यावर दिसत होते. "यात सगळं आहे ना?" त्या विचारत होत्या. मुलगी समजुतीच्या सुरात नाही म्हणत होती. मागे लहान मुलांची चुळबुळ, ट्रॉलीच्या चाकांचा घरघराट, एसीचा थंड कोरडा वास, आणि काचेपलीकडे ते पांढरंशुभ्र, दहा-बारा मजली जहाज. बाईंचा प्रश्न साधा होता, पण रास्त होता. यंत्राला सगळं माहीत आहे, तर मग ती छोटी पुस्तिका कशाला?

ऑनलाइन चेक-इन करताना आपण जे भरतो ते आपलं स्वतःबद्दलचं म्हणणं असतं. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, मुदत, सगळं आपणच टाइप केलेलं. पासपोर्ट हे वेगळ्याच कुणाचं तरी म्हणणं आहे. एक देश त्यातून बाकीच्या देशांना सांगतो की हा माणूस आमचा आहे आणि तुम्ही परत धाडलंत तर आम्ही त्याला घेऊ. बंदरावरच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनं यातला दुसरा भाग फार मोलाचा. एखाद्या प्रवाशाला देशात उतरू दिलं नाही तर त्याला परत नेण्याचा भार, आणि बऱ्याच देशांत वर दंडही, जहाजकंपनीवर पडतो. म्हणजे काउंटरवरची मुलगी पुढच्या पाच-सहा बंदरांतल्या, तिला कधीही न भेटणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वतीनं आपले कागद बघत असते. तिच्याशी हुज्जत घालणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं, कारण "असू दे, चालेल" म्हणायची मुभा तिला जवळजवळ नसते. आणि कागद अपुरे म्हणून चढू दिलं नाही तर पैसे परत मिळत नाहीत, हे तिकिटाच्या अटींमध्ये सहसा आधीच लिहिलेलं असतं.

दुसरं कारण यादीचं. ६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघालेली हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे राहिल्यानं काही मिनिटांत कलंडली. १९३ माणसं गेली. प्रवाशांची मोजदाद किती ढिली होती हे त्यानंतरच्या चौकशीत पुढे आलं. आज सागरी सुरक्षेच्या सोलास करारानुसार प्रवासी जहाज सुटायच्या आधी जहाजावरचा एकूण एक माणूस मोजला जातो, आणि लांबच्या प्रवासाला नावानिशी यादी किनाऱ्यावर ठेवली जाते. अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजाला ही यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सरकारकडे पाठवावी लागते. जहाज धक्क्याला उभं असतं, शिडी लावलेली दिसते, तरी तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं, त्यामागे हे आहे. पाच वाजता सुटणार म्हणून साडेचारला धापा टाकत आलेल्या माणसाला आडमुठेपणा वाटतो. त्याच्या नावाशिवायची यादी तोवर पुढे गेलेली असते.

त्या यादीत नाव बिनचूक पडावं म्हणून पासपोर्टच्या फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या. आपण त्या कधी वाचत नाही. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ जागा. पहिल्या ओळीच्या सुरुवातीच्या पाच जागा दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांना, उरलेल्या ३९ नावाला: आधी आडनाव, मग दोन बाण, मग बाकीचं नाव. दुसऱ्या ओळीत नंबर, नागरिकत्व, जन्मतारीख, मुदत, आणि या आकड्यांच्या मागोमाग एकेक पडताळणीचा अंक. तो अंक काढायची रीत सुंदर आहे. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, तिला क्रमानं ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करून १० नं भागायचं आणि उरलेली बाकी लिहायची. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला की बाकी जुळत नाही आणि यंत्र लाल दिवा दाखवतं. पासपोर्ट पुस्तिकेच्या रूपात असावा, त्याला ३२ पानं असावीत असं १९२० साली पॅरिसच्या परिषदेत ठरलं. यंत्रानं वाचायच्या पासपोर्टाचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं १९८० मध्ये छापले. विमानासाठी केलेली सोय आज जहाजाच्या शिडीपाशीही तशीच वापरली जाते.

घरी टाइप करताना मात्र असा लाल दिवा सहसा नसतो. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. तारखेची त्याहून वाईट. अमेरिकन फॉर्मला महिना आधी लागतो, बाकी बऱ्याच ठिकाणी दिवस आधी. ४ जुलैला जन्मलेला माणूस ७ एप्रिलचा होऊन बसतो आणि फॉर्म मुकाट्यानं ते मान्य करतो, कारण तीही खरीखुरी तारीख असते. काही देशांच्या पासपोर्टावर महिना अक्षरांत असतो, तिथे ही गल्लत होत नाही. भरून झालं की पासपोर्ट दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावा, त्यानं एकेक अक्षर मोठ्यानं वाचावं आणि आपण पडद्यावर बोट ठेवून जुळवावं. पाच मिनिटांचं काम आहे. आपलंच नाव आपण डोळ्यांनी वाचत नाही, सवयीनं वाचतो. चूक हमखास तिथेच राहते.

नावाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण काउंटरवर सर्वाधिक डोळे पाणावलेले दिसतात ते नावापायी. पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा आणि बुकिंग सासरच्या. किंवा बुकिंग कुणा नातेवाइकानं हौसेनं केलेलं आणि त्यात घरात हाक मारायचं नाव. किंवा तिकिटावर नुसतं आद्याक्षर आणि पासपोर्टावर मधलं नाव पुरतं. किंवा पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा, अख्खं नाव एकाच रकान्यात, आणि फॉर्म मात्र दोन्ही रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. पहिल्या तिन्हींवर उपाय एकच: बुकिंग पासपोर्टाप्रमाणे, अक्षर न् अक्षर, लग्न कालचं असो की तीस वर्षांपूर्वीचं. नवविवाहितांनी तर हनिमूनचं तिकीट जुन्या नावानंच काढावं आणि नाव बदलायचं काम परतल्यावर करावं. रिकाम्या आडनावाच्या बाबतीत मनानं काही भरू नये, कंपनीला विचारून लेखी उत्तर घ्यावं आणि ते जवळ ठेवावं. दोन कागदांत दोन नावं राहणारच असतील तर त्यांना जोडणारा तिसरा कागद लागतो, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचा सरकारी आदेश, आणि तो मूळ किंवा प्रमाणित प्रतीत. फोनमधला फोटो काउंटरवरच्या मुलीला पटतो, पण तिला तो स्वीकारता येत नाही.

बुकिंगनंतर पासपोर्टाचं नूतनीकरण झालं तर नंबर बदलतो, आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही. जुन्या नंबरावर काढलेली ऑनलाइन प्रवास-परवानगी नव्या पुस्तिकेसोबत आपोआप येत नाही. अमेरिकेची एस्टा ही व्हिसामाफ देशांच्या नागरिकांना लागणारी परवानगी दोन वर्षांची असते खरी, पण पासपोर्ट नवा झाला की तीही नव्यानं काढावी लागते. छापील व्हिसाचं याच्या उलट. अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्या, संपलेल्या पासपोर्टात चिकटलेला असेल तर तो वाया जात नाही. दोन्ही पुस्तिका बरोबर न्यायच्या. व्हिसाचं पान कापून नव्यात चिकटवायचं मात्र कधीही नाही.

मुदतीचं गणित दिसतं त्यापेक्षा कठीण आहे. "पासपोर्ट तर चालू आहे" हे वाक्य पुरेसं नसतं. अनेक देश आणि काही क्रूझ कंपन्या प्रवास संपल्यानंतरही सहा महिने मुदत शिल्लक मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवून एकच व्हिसा चालवणाऱ्या देशांचा, नियम दुहेरी आहे: तिथून बाहेर पडायच्या दिवसानंतर किमान तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट दिल्याला दहा वर्षं उलटलेली नसावीत. काही देश नूतनीकरणाच्या वेळी जुने उरलेले महिने नव्यात मिळवून देत असत. तशी पुस्तिका छापील तारखेप्रमाणे चालू असते आणि तरी दहा वर्षांच्या अटीत अडकते. लहान मुलांचं आणखी निराळं. मोठ्यांना दहा वर्षं मिळतात म्हणून सगळ्या घराची तारीख तीच धरली जाते, पण पुष्कळ देशांत मुलांची पुस्तिका पाचच वर्षांची असते. आई-बाबांच्या पासपोर्टाची अजून निम्मी वाटचाल व्हायची असते आणि मुलीचा मागच्या महिन्यात संपलेला असतो. फोटोत दात न आलेलं बाळ आणि समोर उंचीनं काउंटरला लागलेली मुलगी. पानंही मोजावीत. शेंगेनच्या व्हिसासाठी दोन कोरी पानं लागतात आणि शेवटची शेरे लिहायची पानं त्यात धरत नाहीत. भिजून फुगलेलं पान, सुटलेली शिवण, कोपरा दुमडलेला फोटो, यांवरही अडवतात. पर्यटनस्थळी हौसेनं मारून मिळणारे शिक्के पासपोर्टात घेऊ नयेत. ते वहीत घ्यावेत.

आणि मग समुद्र.

विमानातून उतरताना सीमा ओलांडली हे कळतं. रांग असते, काच असते, शिक्क्याचा आवाज असतो. जहाजावर आपण झोपेत देश बदलतो. रात्री एका किनाऱ्याचे दिवे मागे पडतात, पहाटे पडदा सारला की दुसऱ्याच टेकड्या समोर असतात. केबिन तीच, उशी तीच, पाण्याचा ग्लास काल ठेवला तिथेच. त्यामुळे आपण एकाच ठिकाणी आहोत असं वाटत राहतं आणि व्हिसाचा विचार सुरुवातीच्या देशापुरता होतो. ग्रीसमधल्या पिरियसहून निघणारी, बेटं करत एक दिवस तुर्कस्तानच्या कुशादासीला थांबून पुन्हा ग्रीक बेटांवर येणारी सफर घ्या. शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेश किती वेळा, असा रकाना असतो. त्यात १ असेल तर पिरियसला तो खर्च झाला. कुशादासीला जहाज गेलं की प्रवासी शेंगेनबाहेर, आणि परतीचं पहिलं ग्रीक बेट हा दुसरा प्रवेश. अर्ज भरताना जहाजाचा बंदरवार, तारीखवार मार्ग जोडावा आणि अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. स्टिकर हातात आला की तिथल्या तिथे तो रकाना वाचावा, कारण दुरुस्ती तेव्हाच शक्य असते. ब्रिटनच्या साउथॅम्प्टनहून निघून फ्रान्स-स्पेन करून परतणाऱ्या सफरीला ब्रिटनचा आणि शेंगेनचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो.

"आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही" हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण जहाज बंदराला लागलं की त्यावरचा प्रत्येक जण त्या देशाच्या कागदावर येतो. केबिनमध्ये पुस्तक वाचत बसलेलासुद्धा. काही देश दिवसभरापुरत्या उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांना व्हिसातून सूट देतात, काही देत नाहीत, काही सूट फक्त कंपनीच्या सहलीबरोबर फिरणाऱ्यांना देतात. म्हणून मार्गपत्रिकेतलं एकेक बंदर घेऊन, आपल्या नागरिकत्वाच्या बाजूनं, त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघावं आणि मग कंपनीची अट बघावी. दोन्हींत जी कडक ती पाळावी. वेळ मोडणारं काम आहे, पण यालाच पर्याय नाही. अलास्काच्या सफरीचं उदाहरण मला विशेष वाटतं. सिॲटलहून निघायचं, केचिकन, जूनो, स्कॅगवे बघायचं आणि सिॲटललाच परतायचं. सगळी अमेरिकाच, असं वाटतं. पण १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजाला अशा फेरीत एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी जहाज काही तास कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतं. त्या काही तासांसाठी कॅनडाचे नियम वाचावे लागतात. त्यातही कॅनडाची ईटीए ही परवानगी विमानानं येणाऱ्यांनाच लागते, समुद्रमार्गे येणाऱ्यांना नाही. पण ज्यांच्या देशाला व्हिसाच लागतो त्यांना ही सूट कामाची नाही.

अमेरिकन नागरिकांसाठी एक सोपी वाट आहे आणि माझा जीव तिच्याबाबतच जास्त घाबरतो. १ जून २००९ पासून समुद्रमार्गे परतणाऱ्यांनाही पासपोर्ट किंवा तशा दर्जाचा कागद सक्तीचा झाला. पण ज्या सफरी अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून कॅरिबियन, मेक्सिको, कॅनडा अशा पट्ट्यात फिरून त्याच बंदराला परततात, त्यांच्यापुरती सवलत राहिली. जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं, १६ वर्षांखालच्या मुलांना नुसता जन्मदाखला. इथेही बारकावे आहेत. दाखला नोंदणी कार्यालयाचा, अधिकृत शिक्क्याचा हवा. रुग्णालयानं कौतुकानं दिलेला, बाळाच्या पावलांचे ठसे असलेला सुंदर कागद चालत नाही. तो घेऊन आलेली आई मात्र काउंटरवर हटकून दिसते. दाखल्यावर जन्माचं आडनाव आणि ओळखपत्रावर लग्नानंतरचं असेल तर मघाचा तो तिसरा कागद इथेही लागतो. काही बंदरं सवलत न मानता पासपोर्टच मागतात. हे सगळं जुळलं तरी ही सवलत जहाज आपल्याला घेऊन गेलं तसंच परत आणेल या भरवशावर उभी आहे.

जहाज नेहमीच घेऊन येतं असं नाही.

किनाऱ्यावर भाड्याच्या गाडीचं चाक पंक्चर होतं, जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ यांत तासाचा फरक निघतो, आणि धक्क्यावर पोचेपर्यंत पांढरी भिंत सरकायला लागलेली असते. जहाजाचे अधिकारी अशा वेळी एक काम करतात, ते कमी लोकांना ठाऊक असतं. न परतलेल्या प्रवाशाच्या केबिनमध्ये जाऊन, तिजोरी उघडून, पासपोर्ट सापडला तर तो बंदरातल्या एजंटाच्या हाती देऊन मगच निघतात. ती पुस्तिका असेल तर तो माणूस विमानानं पुढच्या बंदराला जहाज गाठू शकतो, निदान घरी परतू शकतो. नुसता जन्मदाखला असेल तर विमानात बसता येत नाही. अमेरिकेचं पाकिटात मावणारं पासपोर्ट कार्ड जहाजाला चालतं, आंतरराष्ट्रीय विमानाला नाही. मग दूतावास, तो उघडण्याची वाट, आपत्कालीन पासपोर्ट. आजारपणात तर निवडच नसते. मध्यरात्री छातीत कळ येते, जहाजाचे डॉक्टर पहिल्या बेटावर उतरवायला सांगतात, तिथून मोठ्या रुग्णालयात विमानानं न्यायचं ठरतं, आणि बरोबरच्या माणसाला त्या विमानात बसायला पुस्तिका लागते. चढताना लागणाऱ्या कागदांची यादी कंपनी देते. उतरावं लागलं तर काय लागेल, हे ज्याचं त्याला बघावं लागतं. म्हणून सवलत असली तरी पासपोर्ट काढावाच, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते. आणि बंदर एजंटाचा फोन रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. उतरताना त्या कागदाचा फोटो काढून घ्यावा.

मुलांच्या कागदांबद्दल लिहिताना मन जड होतं. आजी-आजोबा नातवाला घेऊन येतात, किंवा एकटी आई दोन मुलांना, आणि त्यांना विचारलं जातं: बाकीचे पालक कुठे आहेत? हसतमुखानं आलेल्या माणसाला तो प्रश्न झोंबतो. पण मुलाला एका पालकाच्या नकळत देशाबाहेर नेलं जाण्याचे प्रकार होतात आणि ते थांबवायची ही शेवटची जागा असते. न येणाऱ्या पालकाचं संमतीपत्र लागतं: मुलाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख, कोणाबरोबर चाललं आहे, जहाजाचं नाव, तारखा, बंदरं, वाटेत उपचार करून घ्यायची परवानगी, पालकाचा फोन, सही, आणि सही नोटरीसमोर. आडनावं वेगळी असतील तर नातं दाखवणारा जन्मदाखला. पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, ताबा एकाकडेच असेल तर न्यायालयाचा आदेश. तो मृत्यूचा दाखला सुट्टीच्या कागदांमध्ये, टोपी आणि पोहण्याच्या कपड्यांसोबत बांधून आणावा लागतो. काउंटरवरच्या बऱ्याच मुली तो उलगडताना आवाज खाली आणतात, हे मी पाहिलं आहे.

पीतज्वराच्या लसीचा पिवळा दाखला काही मार्गांवर लागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो ग्राह्य होतो, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, त्यामुळे जुना असेल तर फेकू नये.

राहतो प्रश्न ठेवायचं कुठे याचा, आणि त्या बाईंची गोष्ट इथेच येऊन मिळते. पासपोर्ट, व्हिसा, दाखले, संमतीपत्र, बोर्डिंग पास, रोजची औषधं, हे सगळं अशा एका छोट्या पिशवीत, जी हमालाच्या हाती कधीच जात नाही आणि आपल्या अंगावरून खाली येत नाही. झेरॉक्सचे दोन संच: एक मोठ्या बॅगेत, एक बरोबरच्या माणसाकडे. झेरॉक्समध्ये पानाचे चारही कोपरे आणि तळाच्या त्या दोन ओळी स्वच्छ यायला हव्यात. फोनमध्येही एक फोटो, नेट नसतानाही उघडेल असा. प्रतींवर जहाजात चढता येत नाही, पण मूळ हरवलं तर दूतावासात नवं मिळवायला त्यांचा फार आधार होतो. चोराच्या भीतीनं मूळ कागद लांब ठेवावासा वाटतो, ती भीती खोटी नाही. म्हणून मूळ अंगावर आणि प्रत लांब. त्या दोघांनी नेमकं उलटं केलं होतं.

त्यांचं पुढे असं झालं की नवऱ्याला एका सुरक्षा रक्षकाबरोबर सामानाच्या शेडमध्ये पाठवण्यात आलं. बाई खुर्चीवर बसून राहिल्या, किल्ली मुठीत घट्ट धरून. बॅगेच्या मुठीला त्यांनी लाल फीत बांधली होती, म्हणून शेकडो काळ्या बॅगांत ती सापडली. तरी पाऊण तास गेला. मग बाईंना आत बोलावलं. काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ होता तेव्हा त्या दोन पुस्तिका दोन्ही हातांनी धरून परत आल्या. मुलीनं पान उघडून यंत्रावर ठेवलं, टुक असा आवाज झाला, आणि तिनं पुस्तिका परत केल्या. बाईंनी त्या पर्समध्ये टाकल्या नाहीत. शिडीवरून वर जाईपर्यंत हातातच होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येक केबिनमध्ये निरोप आला: पुढच्या देशाचे अधिकारी पहाटे जहाजावर येऊन सगळे पासपोर्ट एकत्र तपासणार आहेत, तरी ते रात्री नऊपर्यंत स्वागतकक्षात जमा करावेत. काही मार्गांवर ही नेहमीची पद्धत आहे. रांगेत ती दोघं माझ्या पुढेच होती. नवऱ्यानं आपला पासपोर्ट दिला. बाईंनी आपला देताना क्षणभर हात मागे घेतला आणि पावती मिळेल का, असं विचारलं. मिळाली. बोटभर रुंदीची, केबिनचा नंबर आणि दोनचा आकडा लिहिलेली. त्यांनी तो आकडा वाचला, नवऱ्याला वाचायला दिला, मग पावतीची घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात, त्या पितळी किल्लीशेजारी ठेवली आणि चेन लावली.